तात्यांची वाढ

मसुऱ्यात सदुसष्ट वर्षांचा माणूस सकाळी हाफ पँट घालून रस्त्यावर दिसला, तर दोनच शक्यता असतात. एक तर तो लावणीला निघालाय, नाही तर ते तात्या आहेत. लावणीला निघालेल्या माणसाला लोक थांबवून "खंय?" म्हणून विचारतात. तात्यांना कुणी विचारत नाही, कारण त्यांचं उत्तर लांब असतं आणि त्यात प्रथिनं येतात.

गावानं त्यांचं नाव 'ग्रोथतात्या' ठेवलं आहे. तसा हा माणूस हल्ली प्रत्येक गावात एक तरी असतोच. उमेदीची सगळी वर्षं मुंबईत नोकरी, निवृत्तीनंतर गावी येऊन घराला चिरे, अंगणाला लाद्या, माडीवर पत्रे. घराचं काम संपलं की हात रिकामे होतात आणि मग तो स्वतःच्या देहाच्या दुरुस्तीला लागतो. तात्या तरुणपणी लालबागेत कबड्डी खेळायचे. खोलीत भिंतीवर त्या संघाचा फोटो आहे. मागच्या रांगेत डावीकडून तिसरे, छाती फुगवून श्वास रोखलेले तात्या. तो श्वास त्यांनी अजून सोडलेला नाही.

फोटोच्या खाली खिळ्याला शिंप्याचा टेप टांगलेला असतो. दर सोमवारी आंघोळीनंतर तात्या दंड, छाती आणि पोट मोजतात आणि तिन्ही आकडे 'कालनिर्णय'च्या त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहितात. १९७३ साली ही दिनदर्शिका काढणारे जयंतराव साळगांवकर मालवणचेच. दुधाचा आणि गॅसचा हिशोब लोक तिच्यावर लिहितील हे त्यांनी धरलंच असणार, पण चतुर्थीच्या खाली कुणी 'पोट ३९' लिहील हे त्यांच्याही गणितात नसावं. मोजताना तात्या टेप दंडावर सैल धरतात आणि पोटावर करकचून ओढतात. विज्ञानात याला निरीक्षकाचा दोष म्हणतात. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकी, वेगळा शब्द वापरतात.

आधी दुधीचा रस झाला. मग तांब्याच्या भांड्यातलं पाणी, मग मोड आलेले मूग, मग वज्रासन. वज्रासनातून उठताना एकदा काकींना शेजारून दोन माणसं बोलवावी लागली. काकींची कसलीच तक्रार नसते. "त्यांका कायतरी लागताच," त्या म्हणतात. "आधी युनियन होती."

ग्रोथ हार्मोन घरात आलं ते गणपतीत. डोंबिवलीहून आलेला पुतण्या पाच दिवस मोदकांना हात न लावता डब्यातली पावडर पाण्यात घुसळून पीत होता. बाहीतून दंड बाहेर यायला धडपडत होते. त्यानं विसर्जनाच्या आदल्या रात्री तात्यांना बाजूला घेऊन कानमंत्र दिला, "तात्यानू, जीएच मारा. वीस वर्षां मागे जाशात." दुसऱ्या दिवशी दुपारी तात्या काकींना घेऊन माझ्या पडवीत हजर. मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो, एवढ्या गुन्ह्यासाठी गावातल्या प्रत्येक औषधाची चिठ्ठी अजून माझ्याकडे वाचायला येते.

"मास्तरांनू, ह्या ग्रोथ हार्मोन आपल्याकडे मिळता?"

"तुमच्याकडे आहेच की."

"खंय?"

"डोक्यात."

तात्यांनी टकलावरून हात फिरवला. मी समजावून सांगितलं. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागं पियुषिका ग्रंथी असते. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. ती हे संप्रेरक बनवते, १९१ अमिनो आम्लांची साखळी. ते रक्तातून यकृतात जातं, यकृत त्याच्या सांगण्यावरून आयजीएफ-१ नावाचं दुसरं द्रव्य सोडतं, आणि मुलांच्या हाडांच्या टोकांशी जी वाढीची पट्टी असते ती त्यामुळं वाढत जाते. वयात आल्यावर ती पट्टी बंद होते. मग कितीही टोचा, उंची वाढत नाही.

"म्हंजे उंची नाय?"

"नाय. पण फार झालं तर बाकीचं वाढतं. पंजे, पावलं, जबडा, नाक, जीभ."

आतून काकींचा आवाज आला, "जीभ नको हां, मास्तरांनू."

हे मी भीती घालायला सांगितलं नव्हतं. पियुषिकेला गाठ आली की असंच होतं. आंद्रे द जायंट नावाचा कुस्तीगीर त्या गाठीनंच तेवढा झाला आणि १९९३ साली ४६ व्या वर्षी गेला. आपल्या 'द ग्रेट खली'च्या पियुषिकेवर २०१२ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. तात्यांचा नातू खलीचा भक्त आहे. तात्यांनी संध्याकाळी नातवाला फोन करून ही बातमी दिली आणि पोरगं दोन दिवस जेवलं नाही.

पुढच्या आठवड्यात तात्या गुपचूप रक्त तपासून आले. रिपोर्ट दाखवताना त्यांचा हात थरथरत होता. हार्मोन ०.२. म्हणजे जवळजवळ शून्य. माणूस उभा कसा राहिला हेच त्यांना कळेना. मला हसू आवरलं नाही. हे संप्रेरक नळासारखं सारखं वाहत नाही. दिवसात काही वेळा झटक्यानं सुटतं आणि मधल्या वेळात चांगल्या धडधाकट माणसाच्याही रक्तात सापडत नाही. आपल्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेसारखं आहे ते. तिथी ठरलेली नाही, देवीचा कौल होईल तेव्हा. कालनिर्णय चाळून कुणी जत्रेला निघाला तर त्याला मोकळं माळरान दिसेल, म्हणून मसुऱ्यात देवी नाही असं होतं का? डॉक्टरसुद्धा हे संप्रेरक असं सुटं मोजत नाहीत. आयजीएफ-१ मोजतात, कारण ते दिवसभर बऱ्यापैकी स्थिर असतं.

जत्रेचा दाखला तात्यांना पटला. पण लगेच पुढचा प्रश्न, "मगे ती जत्रा जास्त कदी भरता?"

"रात्री. पहिल्या गाढ झोपेत सगळ्यात मोठी. आणि दमेपर्यंत व्यायाम केल्यावर. उपाशी पोटी."

इथं मी मोठी चूक घडवून आणली असं काकींचं मत आहे. तात्या त्या रात्रीपासून गाढ झोपेचा अभ्यास करायला लागले. म्हणजे रात्री साडेबाराला मोबाइलवर झोपेवरचे व्हिडिओ. एक गोरा डॉक्टर फळ्यावर मेंदूच्या लाटा काढून दाखवतो, दुसरा उशी कशी ठेवावी ते सांगतो. पहाटे दोनला डोळे लाल करून तात्या आडवे होतात, आणि अडीचला काकींना उठवून विचारतात, "आता मी गाढ हुतंय काय गो?" काकी म्हणतात, "मी हुतंय." तीन महिने झोपेचा अभ्यास करून तात्यांनी आयुष्यातली सगळ्यात कमी झोप काढली. तिकडं काकींची पियुषिका मात्र व्यवस्थित चालू असावी. त्यांचे गुडघे दुखत नाहीत, दोन्ही वेळा विहिरीचं पाणी त्याच ओढतात.

व्यायामाचं तसं नाही. तात्या रोज पहाटे भरतगडावर चढतात. हा आमच्या गावचा किल्ला. वर कुणाकुणाची कलमं लागली आहेत, खडकात खोदलेली खोल विहीर आहे, आणि तटावरून कालावलची खाडी आणि पलीकडचा भगवंतगड दिसतो. तात्यांना त्यातलं काही दिसत नाही. ते मनगटावरच्या घड्याळात ठोके बघत असतात. एकदा वर आलेल्या पुण्याच्या पर्यटकांनी त्यांना किल्ल्याचा इतिहास विचारला. तात्यांनी त्यांना इन्शुलिनचा सांगितला.

आता मी त्यांना घाबरवायचं ठरवलं आणि इतिहासच काढला. हे संप्रेरक १९५६ च्या सुमारास पहिल्यांदा माणसाच्या पियुषिकेतून वेगळं काढलं गेलं. १९५८ साली मॉरिस रेबन या अमेरिकन डॉक्टरनं एका वाढ खुंटलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला ते टोचलं आणि मुलगा वाढला, असं जाहीर केलं. गाईचं किंवा डुकराचं संप्रेरक माणसाला चालत नाही. माणसाचंच लागतं.

"माणसाचा म्हंजे? रक्तासारखा दान करतत?"

"दान नाही. मेलेल्या माणसाच्या डोक्यातून काढायचं."

तात्यांनी कप खाली ठेवला. सत्तावीस वर्षं असं चाललं. शवागारातून ग्रंथी गोळा करायच्या, एकेका पोरासाठी कितीतरी. मग १९८५ मध्ये असं दिसलं, की ज्यांना लहानपणी हे टोचलं होतं त्यांतले काही तरुण एका भयानक मेंदूरोगानं मरताहेत. क्रॉइट्झफेल्ट-याकोब असं त्याचं नाव. मेंदू जाळीसारखा होतो. कुणा मेलेल्या माणसाच्या ग्रंथीतून तो आला होता आणि वर्षानुवर्षं दबा धरून बसला होता. एकट्या फ्रान्समध्ये शंभराहून अधिक जण गेले. अमेरिकेनं ते संप्रेरक तडकाफडकी बंद केलं. नशिबानं त्याच वर्षी ऑक्टोबरात जेनेन्टेक कंपनीनं जिवाणूकडून बनवून घेतलेल्या संप्रेरकाला मंजुरी मिळाली. आपल्या आतड्यात राहतो त्या ई. कोलाय जिवाणूत माणसाच्या वाढीचं जनुक घातलं आणि त्याला कामाला लावलं.

"म्हंजे आता मढ्याचा नाय," तात्यांनी कप उचलला. "हागवणीच्या किड्याचा." आणि निर्धास्त होऊन चहा संपवला. घाबरवण्याचा प्रयत्न इतका साफ फसलेला मी वर्गातही पाहिला नव्हता.

मला राग या माणसाचा येत नाही. प्रार्थनेच्या रांगेत वर्षानुवर्षं पहिलं उभं राहणारं एखादं पोर असतं. पुढची मुलं मागं जातात, हे तिथंच. खेळायला घेतलं तर उचलून फेकतात, नाटकात कायम बाळकृष्ण. त्यातल्या काहींच्या पियुषिकेतच उणीव असते, काही मुलींना टर्नरचा विकार असतो. त्यांच्यासाठी हे औषध आहे. हाडं जुळायच्या आत, रोज रात्री एक सुई, काही वर्षं. खर्च एवढा की कोकणातल्या माणसानं आंब्याच्या मोसमाकडं बघून हो म्हणावं की नको ते त्यालाच ठाऊक. आणि तेच औषध जिमच्या मागल्या खोलीत बायसेप्ससाठी विकलं जातं, राग त्याचा येतो. मी हे तात्यांना बोललोही. ते गंभीर झाले. म्हणाले, "पोरांक आधी गावाक होया, ता खरा." मग थोडं थांबून, "पण माका थोडासोच होयो."

त्यांच्या हट्टाला एक कागदही मिळाला होता. १९९० साली डॅनियल रुडमन या डॉक्टरनं ६१ ते ८१ वयाच्या २१ पुरुषांवर प्रयोग केला. त्यातल्या १२ जणांना सहा महिने आठवड्यातून तीनदा हे संप्रेरक दिलं. मांस ८.८ टक्क्यांनी वाढलं, चरबी १४.४ टक्क्यांनी घटली. दहा-वीस वर्षांच्या म्हातारपणात होतो तेवढा बदल उलटा झाला, असं त्या निबंधात लिहिलं होतं. बस. त्या एका वाक्यावर जगभरात तारुण्याची दुकानं निघाली. तात्यांनी त्याची प्रिंट काढून 'माझ्या वयाचे!!' असं समासात लिहिलं होतं.

मी म्हटलं, "तात्या, ताकद वाढली का ते त्यांनी मोजलंच नव्हतं. पुढं दुसऱ्यांनी मोजलं. मांस वाढलं, ताकद नाही."

"मगे त्या वाडलेल्या मासाचा करतत काय?"

प्रश्न बिनतोड होता. पुढं २००७ साली असे सगळे प्रयोग एकत्र करून पाहिले, तर हिशोब एवढाच निघाला: साधारण दोन किलो चरबी कमी, दोन किलो मांस जास्त. त्यातलं बरंचसं वजन पाण्याचंच असू शकतं. आणि वर हातापायांना सूज, सांधेदुखी, मनगटाची नस दबून बोटांना मुंग्या, साखर वाढलेली. मी ही यादी वाचून दाखवली तेव्हा सुई अजून शंभर कोस लांब होती. तरी तात्यांच्या उजव्या हाताला दुसऱ्याच दिवशी मुंग्या यायला लागल्या. अंगठीही घट्ट झाली. काकींनी खोबरेल तेल लावून ती काढली आणि कपाटात ठेवली, ती अजून कपाटातच आहे.

या हव्यासाला वंशावळ मोठी आहे. पॅरिसच्या ब्राउन-सेकार नावाच्या नामवंत शरीरशास्त्रज्ञानं १८८९ साली, वयाच्या ७२ व्या वर्षी, कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपण तरुण झालो असं भर सभेत सांगितलं. आपल्याकडे च्यवनऋषी आहेत, ययाती आहे. याच जिल्ह्यात शिरोड्याला खांडेकर अनेक वर्षं मास्तर होते, त्यांनी पुढं 'ययाति' लिहिली आणि तिला ज्ञानपीठ मिळालं. तात्यांनी ती वाचनालयातून आणून वाचली आणि परत करताना म्हणाले, "ययातीचो झिल बरो हुतो. माझो दोन दिवसांची रजा देना नाय, तारुण्य खंयचा देता?"

नवरात्रात पुतण्यानं बाटली पाठवली. रात्रीच्या खाजगी बसच्या ड्रायव्हरकडं थर्मासमध्ये बर्फ घालून. थर्मास बघितल्यावर मला युआन युआन आठवली. १९९८ साली पर्थच्या जागतिक स्पर्धेला आलेली ही चिनी जलतरणपटू. सिडनी विमानतळावर तिच्या सामानातल्या थर्मासमध्ये संप्रेरकाच्या १३ कुप्या सापडल्या. हे औषध दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं, म्हणून जगभरातल्या चोरांना थर्मास लागतो. तात्या हे ऐकून खूश झाले. आपण आंतरराष्ट्रीय पातळीवर आलो असं त्यांना वाटलं.

बाटली फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात गेली. शेजारी बांगडे. टोचणार कोण, हा प्रश्न मग उभा राहिला. नर्सबाईंनी चिठ्ठीशिवाय हात लावायला नकार दिला. डॉक्टरांनी चिठ्ठी द्यायला नकार दिला, आणि "कुणी दिली ही?" असं अशा आवाजात विचारलं की तात्या पुतण्याचं नाव विसरले. स्वतः टोचून घ्यायचं तर तात्यांना सुई बघून चक्कर येते. कबड्डीत खांदा निखळला तेव्हाही त्यांनी इंजेक्शन घेतलं नव्हतं, हे ते अभिमानानं सांगतात. तेवढ्यात परतीचा पाऊस आला आणि दोन दिवस लाईट गेली. बांगड्यांचं काय झालं ते शेजारच्या मांजरांना माहीत. बाटली राहिली. लाईट आल्यावर ती पुन्हा गार झाली आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

सव्वीस जानेवारीला हायस्कुलाच्या मैदानावर ज्येष्ठांची चालण्याची स्पर्धा असते. बक्षीस स्टीलचं ताट. आठ दिवस आधी तात्या चिंतेत. "मास्तरांनू, तपासणी आसतली?"

"कसली?"

"डोपिंग."

मी त्यांना सांगितलं की आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं १९८९ मध्येच या संप्रेरकावर बंदी घातली, पण ते पकडायला पंधरा वर्षं कुणाकडं चाचणीच नव्हती. टोचलेलं संप्रेरक आणि डोक्यात तयार झालेलं संप्रेरक दिसायला तेच. रक्तातून ते निघूनही लवकर जातं. मग एक बारीक फट सापडली. आपली पियुषिका त्याचे लहानमोठे दोन-तीन प्रकार मिसळून सोडते, कारखान्यातलं मात्र सगळं एकाच मापाचं असतं. त्या मापांचं प्रमाण बिघडलेलं दिसलं की चोर सापडला. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकला ही चाचणी आली, आणि पहिला मासा गळाला लागला तो २०१० साली, टेरी न्यूटन नावाचा इंग्लंडचा रग्बीपटू. पुढं २०१२ च्या लंडन पॅरालिंपिकमध्ये नव्या पद्धतीनं दोन रशियन पॉवरलिफ्टर सापडले.

"आणि आपले?"

आपलं काय सांगणार. आपले बहुतेक असल्या महागड्या, बारीक गोष्टीत सापडत नाहीत, साध्या स्टेरॉइडमध्ये सापडतात. मुंबईचा मल्ल नरसिंग यादव २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर तशाच एका स्टेरॉइडपायी चार वर्षांसाठी बाद झाला. माझ्या जेवणात कुणी तरी मिसळलं, असं तो शेवटपर्यंत सांगत होता. २०२२ च्या जागतिक आकडेवारीत आपल्या ३,८६५ नमुन्यांपैकी १२५ दोषी निघाले, मोठ्या देशांत सर्वात वाईट प्रमाण. त्याच वर्षी संसदेनं उत्तेजकविरोधी कायदाही केला. पण त्या कायद्याखाली मसुऱ्याच्या ताटासाठी कुणी दिल्लीहून बाटल्या घेऊन येणार नाही, असा मी तात्यांना धीर दिला. तात्या थोडे नाराज झाले. न टोचता का होईना, आपल्याला तपासावं एवढी त्यांची इच्छा होती.

स्पर्धेत ते दुसरे आले. पहिला आला नाना.

आता नानाबद्दल सांगायलाच हवं, कारण सगळी मेख तिथं आहे. नाना तात्यांचा सख्खा चुलतभाऊ. वयानं दोन वर्षांनी लहान, उंचीनं जेमतेम पाच फूट. विडी ओढतो, दुपारी घोरतो, पेज आणि सुका बांगडा खातो, आणि अजून माडावर चढतो. दोघांच्या वडिलांनी एकमेकांवर लावलेला वाटपाचा दावा आहे. नऊ गुंठे, एक फणस आणि विहिरीकडं जाणारी वाट. दोन्ही वडील गेले. दोन वकील गेले. तिसऱ्याला ऐकायला कमी येतं. तारखेला दोघे एकाच एसटीनं जातात, एकाच बाकावर बसतात, दोघांची अर्धी तिकिटं, ज्याच्याकडं सुटे असतील तो काढतो. घरवड्यातला गणपती एकच, आरतीला दोघे शेजारी उभे राहतात आणि एकमेकांपेक्षा वरच्या पट्टीत म्हणतात. कोर्टात मात्र एक इंच मागं नाही.

एका संध्याकाळी मी सहज विचारलं, "तात्या, शंभर वर्षं जगून करणार काय?"

"शंभर कोणाक होयी?" तात्या आवाज खाली आणून म्हणाले. "माका नानापेक्षा एक दिवस जास्त होयो. मी आधी गेलंय तर माझो झिल दुसऱ्या दिवशी येतलो आणि समजुतीच्या कागदार सही करतलो. नानाचो पोरगो पण तसोच. जो आधी मरात, तेचा घर हरला."

झोपेचे व्हिडिओ, रुडमन, थर्मास, भरतगड, दंडावरचा टेप, सगळं एकदम सरळ रेषेत आलं. हा माणूस तारुण्य शोधत नव्हता. पुढची तारीख मागत होता.

आणि मी, ज्याला गप्प बसता येत नाही, बोलून गेलो. म्हटलं, तात्या, तसं असेल तर हे औषध उलटंच आहे. ज्या उंदरांत हे संप्रेरक तयारच होत नाही ते ठेंगणे राहतात, आणि बाकीच्या उंदरांपेक्षा कितीतरी जास्त जगतात. इक्वेडोर देशात लारॉनचा विकार असलेली माणसं आहेत. त्यांच्या शरीराला हे संप्रेरक ऐकूच येत नाही, म्हणून त्यांची उंची फार कमी राहते. एका डॉक्टरनं त्यांच्यावर वीसहून जास्त वर्षं नजर ठेवली. २०११ मध्ये छापून आलं, त्यांच्यात मधुमेह एकालाही नाही, कर्करोग एखाद्यालाच. त्यांच्याच नात्यातल्या उंच माणसांना दोन्ही होत होते.

"म्हंजे बुटकी जास्त जगतत."

"उंदीर. माणसांचं तसं सिद्ध झालेलं नाही. ती माणसं अपघातानं आणि दारूनंही जातात."

"नाना दारू पियना नाय."

मी खूप समजावलं. नानाला विकार नाही, तो नुसता बुटका आहे, त्याचा बापही बुटका होता. पण तात्या ऐकण्याच्या पलीकडं गेले होते. त्यांच्या डोळ्यांपुढं नाना ऐंशीचा झाला, नव्वदचा झाला, विडी ओढत फणसाखाली बसला. एवढी वर्षं आपण ज्याच्यामागं धावलो ते संप्रेरक त्या मेल्याकडं नाही, आणि म्हणूनच तो टिकणार.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तात्या फ्रीजमधली बाटली पंच्यात गुंडाळून माझ्याकडं आले. इकडंतिकडं बघितलं.

"मास्तरांनू, ही नानाक देव काय? अंगात ताकद येता म्हणान सांगूया. तेका सुईची भीती नाय."

मी बाटली उजेडात धरली. म्हटलं, "तात्या, हे प्रथिन आहे. दोन दिवस लाईट नव्हती तेव्हाच याचं काम झालं असणार. यानं नानाचं काही वाकडं होणार नाही."

"कायच होवचा नाय?"

"नाय."

"आणि माका?"

"तुमचंही नाही."

तात्या पायरीवर बसले. बाटली दोन्ही बाजूंनी फिरवून लेबल वाचलं, वरची किंमत परत एकदा बघितली.

"मगे इकूया तेका," ते म्हणाले. "निम्मे पैशे तरी सुटतले."